दारूचा आजार : दवाखान्यातली चौकशी आणि उपचाराचा कागद



सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात डॉक्टरांच्या खोलीशेजारी बहुधा आणखी एक लहान खोली असते. दारावर ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असते, पण लोक तिला सोशल वर्कर मॅडमची खोली म्हणतात. दारूसाठी माणसाला घेऊन गेलात की डॉक्टर थोडे तपासतात आणि सांगतात, “आधी तिकडे बसून माहिती देऊन या.” तिथे अर्धा-पाऊण तास प्रश्न चालतात. पगार किती, घरात माणसे किती, पहिल्यांदा कधी घेतली, घरात मारहाण होते का, कर्ज किती, वडील कशाने वारले. घरची माणसे वैतागतात. “औषध द्यायचे सोडून ही पोलिसांसारखी उलटतपासणी कशाला?” हे वाक्य मी कितीदा ऐकले आहे. काहीजण उठून जातात. काहीजण बसून राहतात, पण अर्धे सांगतात आणि अर्धे झाकतात.

मी बरीच वर्षे वॉर्डात परिचारिका होते. आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. त्या लहान खोलीत जे सांगितले जाते त्यावरच पुढचा उपचार उभा राहतो, हे मी वॉर्डातूनही पाहिले आणि वस्तीतूनही पाहिले. म्हणून या वेळी ती चौकशी कशासाठी असते, तिथे काय सांगायचे आणि तिच्यातून जो उपचाराचा आराखडा तयार होतो त्यात आपला शब्द कसा राहील, एवढेच लिहिते.

चौकशीची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत मेरी रिचमंड नावाच्या बाईंनी १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक लिहिले. डॉक्टर जसा आधी निदान करतो आणि मग औषध देतो, तसे मदत करणाऱ्यानेही माणूस, त्याचे घर, त्याचे काम आणि त्याचा परिसर आधी समजून घ्यावा, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे समाजकार्याचे शिक्षण मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. म्हणजे ती मॅडम कारकून नाही आणि फुकट सल्ला देणारी शेजारीणही नाही. तिने याचे रीतसर शिक्षण घेतलेले असते.

किती, कोणती, कधीपासून

पहिले प्रश्न मापाचे असतात. “थोडी घेतो”, “कामावरून आल्यावर घेतो” या उत्तरांचा काही उपयोग नाही. एकाची थोडी म्हणजे नाइंटी, दुसऱ्याची थोडी म्हणजे दोन क्वार्टर. दवाखान्यात साधारण ३० मिलीचा एक पेग हे एक माप धरतात. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे अशी ६ मापे झाली. हातभट्टीची असेल तर तेही स्पष्ट सांगा, कारण तिच्यात काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही.

मग चार साधे प्रश्न येतात. कमी करावी असे कधी वाटले का? लोक बोलतात तेव्हा राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खाते का? सकाळी उठल्या उठल्या हात थरथरू नयेत म्हणून घ्यावी लागते का? यात दोन ‘हो’ आले तरी पुढे नीट तपासायला हवे असे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची एक मोठी चाचणीही आहे, ४० गुणांची. ८ किंवा जास्त गुण आले की पिणे धोक्याचे झाले आहे असे धरतात, आणि २० किंवा त्याहून जास्त आले तर माणूस बहुधा दारूच्या ताब्यात गेलेला असतो, त्याची तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी व्हायला हवी. हे गुण परीक्षेसारखे पास-नापास ठरवायला नसतात. गोळ्या घरी द्यायच्या की माणूस दाखल करायचा, फक्त बोलून भागेल की औषध लागेल, हे ठरवायला ते लागतात. गुण कमी यावेत म्हणून माप लपवले तर ज्याला दाखल करायला हवे तो घरी पाठवला जातो.

इथे आपल्या घरांत एक अडचण येते. पंचशील रोज म्हणणारा माणूस पाचवे शील मोडतो आहे हे परक्यापुढे कबूल करायला लाजतो. आईसुद्धा झाकते. विहाराच्या समितीवर असलेल्या एका गृहस्थांच्या घरच्यांनी तीन वेळा “कधीतरी लग्नाकार्यात” असे लिहून दिलेले मी पाहिले आहे. शील मोडल्याचे दुःख खरे आहे, त्याची बोलणी विहारात होतील. दवाखान्यात मात्र मिली सांगा.

शेवटचा घोट कधी घेतला

चौकशीतला सगळ्यात तातडीचा प्रश्न हा आहे आणि नेमका याच प्रश्नाला लोक हसण्यावारी नेतात. रोज, आणि सकाळपासून पिणाऱ्या माणसाने एकदम बंद केली तर साधारण ६ ते २४ तासांत हात कापतात, घाम येतो, झोप उडते, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींची शुद्ध हरपते, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे बोलावतात, अंगात ताप चढतो. यात माणूस दगावतो. बाहेरचे झाले म्हणून कुणाकडे नेण्यात रात्र घालवू नका, ही दवाखान्याची घटका आहे.

म्हणून आधी कधी सोडली होती का, तेव्हा काय झाले, फिट आली होती का, हे विचारतात. एकदा फिट आली असेल तर पुढच्या वेळी घरी सोडवण्याचा प्रयत्नच करू नये.

वर्षावासाची गोष्ट इथेच सांगते. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने न पिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. चौकशीत हे जरूर सांगा. कारण ही त्या माणसाची ताकद आहे. तीन महिने कशाच्या बळावर राहिला, संध्याकाळी कुठे बसायचा, कुणाबरोबर असायचा, अश्विन पौर्णिमा झाल्यावर पुन्हा कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून सुरू झाली, यातून पुढच्या आराखड्याला हवा तो निम्मा माल मिळतो. पण जो पहाटे उठून पितो, त्याने पौर्णिमेच्या सकाळी संकल्प करून एकदम बंद करणे धोक्याचे आहे. त्याने आधी आठवडाभर डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्यांवर उतरावे आणि मग वर्षावास धरावा.

एक गोष्ट परिचारिका म्हणून सांगते. माणूस अशक्त दिसला की आपण कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेतो आणि ग्लुकोजचे सलाइन लावायला सांगतो. रोज पिणाऱ्याच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. “डॉक्टर, हे रोज पितात, आधी ब-१ चे इंजेक्शन द्याल का?” एवढे तरी घरच्यांनी बोलावे.

घराचा नकाशा

मग मॅडम कोऱ्या कागदावर आकृती काढू लागतात. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. आजा-आजी वर, आई-वडील मध्ये, मुले खाली. जो वारला त्याच्या चौकोनावर फुली. कुणाला दारू होती, कुणी जीव दिला, कुणाला वेड लागले होते, कुणाचे कुणाशी बोलणे बंद आहे, हे सगळे त्या रेघांत येते. घरच्यांना वाटते खानदान उकरून काढत आहेत. पण एका पानावर तीन पिढ्या मांडल्या की आपल्यालाच काही दिसते. आजोबा प्यायचे, वडील प्यायचे, चुलता प्यायचा. पण आत्या कुणाला घाबरली नाही आणि तिच्या घरात एकही नाही. मग त्या आत्याला बोलावता येते.

दुसरी आकृती बाहेरची. मध्ये घर, भोवती गोल: मुकादम, बचत गट, सावकार, शाळा, विहार, महिला मंडळ, नाक्यावरचे मित्र, रेशन दुकान. जिथून आधार मिळतो तिथे जाड रेघ, जिथे तंटा आहे तिथे वाकडी रेघ. एखाद्या माणसाच्या कागदावर एकच जाड रेघ असते आणि ती दारूच्या गुत्त्यावरच्या दोस्तांकडे जाते. अशा माणसाला “दोस्त सोडून दे” म्हणणे म्हणजे त्याला एकटे पाडणे. आधी दुसरी एक रेघ जाड करावी लागते, मग ती तोडता येते.

कामाबद्दल मोकळेपणाने बोला. गटारात, कचऱ्याच्या गाडीवर, शवागारात काम करणारे आपले लोक सांगतात की वासाने अन्न जात नाही, घेतल्याशिवाय हात घालवत नाही. हे कारण लिहून घ्यायलाच हवे. ते निमित्त आहे म्हणून सोडून दिले तर माणूस बरा होऊन त्याच गाडीवर, तसाच हातमोज्यांशिवाय परत जातो आणि आठ दिवसांत तिथेच येतो.

आणि एक कडू गोष्ट. मी नोकरीत होते तेव्हा आडनाव वाचून, वस्तीचे नाव ऐकून “यांच्यात पितातच” असे म्हणणारे कर्मचारी पाहिले आहेत. अशा मनाने भरलेल्या कागदात मग ‘सामाजिक वातावरण खराब’ एवढेच उमटते, आणि पुढचा डॉक्टर तेवढेच वाचतो. दारू सगळ्या जातींत आणि बंगल्यांतही आहे. तेव्हा काय लिहिले ते वाचून दाखवा, असे नम्रपणे म्हणा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि नशेमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही धरलेल्या आहेत. त्यामुळे आपली माहिती गुप्त राहण्याचा आणि आपले कागद मागण्याचा हक्क या रुग्णालाही आहे.

बाईशी वेगळे बोलणे

चांगली सोशल वर्कर नवऱ्याला बाहेर बसवून बायकोशी वेगळे बोलते. तिने तसे केले नाही तर आपण सांगावे, “मॅडम, मला पाच मिनिटे एकटीला द्या.” नवऱ्यासमोर कुठलीही बाई मारहाणीबद्दल खरे बोलणार नाही, कारण तिला संध्याकाळी त्याच घरात जायचे असते. तिथे सांगण्यासारखे असे: मारतो का, कशाने मारतो, गळा दाबला का, मुलांवर हात पडतो का, घरात रॉकेल, उंदराचे औषध, कोयता कुठे असतो. गळा दाबण्याची गोष्ट एकदाच घडली असली तरी सांगा. ती जिवावर बेतणारी खूण मानतात.

मुलांना साक्षीदार करू नका. “सांग गं, पप्पा काय करतात” असे बापासमोर मुलीला विचारणे हा तिच्यावर अन्याय आहे. मुलांशी मॅडम वेगळ्या वेळी बोलतील.

दुसरा वेगळा प्रश्न मरणाचा. मरावेसे वाटते का, कसे करायचे ठरवले आहे का, आधी कधी प्रयत्न केला का. असे विचारल्याने मनात नसलेले येईल, ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणसाला बोलायला जागा मिळते. दारू आणि निराशा एकत्र असली की धोका वाढतो, आणि नशेत हात लवकर उचलला जातो. प्रयत्न झाला असेल तर पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या या कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरतात, त्याला त्यासाठी शिक्षा करायची नसते आणि त्याची काळजी घेणे सरकारचे काम आहे.

सांगितलेले गुप्त राहते, पण त्याला मर्यादा आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मॅडमला ते पुढे कळवावे लागते. ही मर्यादा त्यांनी सुरुवातीलाच सांगायला हवी.

आराखडा कसा असावा

चौकशीनंतर उपचाराचा आराखडा लिहितात. आपल्याकडचे बरेच आराखडे तीन ओळींचे असतात: दारू बंद करणे, समुपदेशन, कुटुंबाने सहकार्य करावे. यात कुणी, काय, कधी करायचे काहीच नाही. अशा कागदाने कुणी बरे झालेले मी पाहिले नाही.

एक घर धरू. हे कुणा एकाचे नाही, पुष्कळ घरांतले तुकडे जोडून मी ते उभे केले आहे. दादा बेचाळीस वर्षांचे, कंत्राटावर कचरागाडीवर. वहिनी चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी बारावीला, मुलगा सातवीला, म्हातारी आई घरी. दोन वर्षांपासून सकाळीही लागते. मागच्या वर्षी स्वतःच्या मनाने सोडली तेव्हा दुसऱ्या दिवशी फिट आली. बचत गटाचे चार हप्ते थकले आहेत. वहिनींच्या डोक्याला एकदा टाके पडले. दादा म्हणतात, “सोडायची आहे, पण गाडीवर जमत नाही.”

आता आधी काय? घरचे म्हणतील कर्ज. दादा म्हणतील कामाचे बघा. पण क्रम धोक्याप्रमाणे लावतात. फिटेचा इतिहास आहे म्हणून पहिली गोष्ट दाखल होणे, कोणत्या वारी, कुणी सोबत राहायचे, मुलांचे जेवण त्या आठवड्यात कोण बघणार. कंत्राटदाराला द्यायच्या दाखल्यावर आजाराचे नाव न घालता ‘रुग्णालयात दाखल’ एवढेच लिहा, अशी विनंती करता येते. त्यासाठी मॅडमला आधी सांगावे लागते.

दुसरी गोष्ट वहिनींची सुरक्षितता, आणि हा कागद दादांच्या कागदापासून वेगळा असावा, दादांना दिसू नये. मार बसणार असे वाटले तर कुणाच्या घरी जायचे, आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे असलेली पिशवी कुठे ठेवायची, शेजारच्या कुणाला काय खूण करायची. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे नाव कधी द्यायचे हे वहिनींनी ठरवायचे. दारू सुटली की मारहाण आपोआप थांबेल असे पुष्कळ बाया धरून चालतात. काही घरांत थांबते, काही घरांत कोरड्या तोंडानेही हात उठतो. म्हणून हा भाग आराखड्यातून गाळू देऊ नका.

तिसरे, दादांचे स्वतःचे ध्येय, त्यांच्याच शब्दांत. “मुलीचा निकाल लागेल त्या दिवशी मी शुद्धीवर असावे.” मॅडमने हे वाक्य तसेच लिहावे. ‘आयुष्यभर दारू सोडणे’ हे ध्येय डॉक्टरांचे झाले. माणूस चालतो तो स्वतःच्या वाक्यावर. त्या वाक्यापासून मागे यायचे: त्यासाठी या महिन्यात काय, या आठवड्यात काय, आज संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत काय. गुत्त्यावरून न येता दुसऱ्या गल्लीने घरी यायचे. दर आठवड्याला ठरल्या वारी दवाखाना. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका बऱ्याच शहरांत होतात, त्यांतल्या आठवड्याला दोन. वहिनींसाठी घरच्यांची अल-अनॉन बैठक असेल तर तिथे एक. पगाराच्या दिवशी वहिनी किंवा भाऊ सोबत, आणि पैसे कुठे ठेवायचे हे दादांच्या संमतीने ठरलेले. हातमोजे, मास्क, बूट यांसाठी युनियनकडून अर्ज, तो कुणी लिहायचा तेही नाव घालून. बचत गटाच्या अध्यक्षाताईंशी वहिनी बोलतील, हप्ता लहान करून मागतील. मुलीला अभ्यासाला विहाराच्या अभ्यासिकेत रात्री नऊपर्यंत बसू द्या आणि आणायला आत्या जाईल. बारावीची मुलगी घरातल्या आवाजात अभ्यास करू शकत नाही, ही बाब किरकोळ नाही.

प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख. खाली दादांची सही किंवा अंगठा. एक प्रत घरी.

आता दादा म्हणाले, “मला सोडायचीच नाही,” तर? मग आराखडा वेगळा होतो, पण बंद होत नाही. अशा माणसाशी भांडून, शपथा घालून उपयोग होत नाही. पिण्यातले त्याचे तोटे त्याच्याच तोंडून यावेत असे बोलत राहायचे असते, आणि तोपर्यंत उपाशीपोटी पिऊ नये, गाडी चालवू नये, ब-१ च्या गोळ्या घ्याव्यात, एवढे तरी ठरवायचे. आणि तो दवाखान्यात आलाच नाही तरी वहिनी एकट्या जाऊ शकतात. त्यांच्या नावाने केस होते. पुष्कळ घरांत उपचार बायकोपासून सुरू होतो आणि नवरा नंतर येतो.

आराखड्यात काय नसावे

“त्यांना न सांगता जेवणातून द्यायचे औषध” अशा जाहिराती आपण रोज पाहतो. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते डायसल्फिराम हे औषध खरे आहे, डॉक्टर ते वापरतात. पण माणसाला सगळे समजावून, त्याची संमती घेऊन आणि हृदय, लिव्हर तपासून. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब पडतो आणि जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. भाजीत कालवून हे औषध देऊ नका, आणि निनावी पुडीत काय आहे ते तर देवालाही ठाऊक नसते, असे मी देव न मानणारी बाई म्हणते.

तसेच गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी केंद्रे. त्रासलेले घर पैसे गोळा करून फोन लावते, रात्री चार माणसे येतात आणि बांधून नेतात. साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायलाही नियम आहेत, तज्ज्ञांची तपासणी लागते. केंद्राला मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, डॉक्टर कोण आणि किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, एवढे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून चालले आहे. व्यसनमुक्तीचे काम मारझोडीवाचून होते, हे महाराष्ट्राने तिथे पाहिलेले आहे.

पुन्हा घेतली तर

आराखड्याचा शेवटचा भाग लोक लिहू देत नाहीत, अपशकुन वाटतो. पण तो लिहायचाच: पुन्हा घेतली तर काय करायचे. कुणाला फोन, कोणत्या दिवशी दवाखाना, गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या. डायसल्फिराम चालू असताना घेतली तर घरी थांबायचे नाही, थेट रुग्णालय. एक दिवस पाय घसरला म्हणजे तीन महिने वाया गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीच परत जाणारा माणूस लवकर सावरतो. महिनाभर तोंड लपवणाऱ्याला पुन्हा दाखल करावे लागते. वहिनींनी त्या रात्री वाद घालू नये, मुलांना घेऊन बाजूला व्हावे, बोलणे सकाळी.

भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी कशाने घसरण झाली हे पुढच्या भेटीत बघतात आणि कागद दुरुस्त करतात. म्हणून आराखडा तपासायच्या तारखा आधीच घालून घ्या: एक आठवडा, एक महिना, तीन महिने. जी ओळ जमली नाही ती बदलून लिहायची, माणसाला बोल लावायचा नाही.

पहिल्या भेटीला जाताना जुने केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटे, फिट आल्याच्या तारखा, रोजचे पिणे मापासकट लिहिलेली एक चिठ्ठी आणि रेशन कार्ड सोबत न्या. रुग्णासोबत जाणारा एकजण घरातला असावा आणि तो शक्यतो प्रत्येक वेळी तोच असावा. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, बायांसाठी १८१ आणि लहान मुलांसाठी १०९८ हे क्रमांक स्वयंपाकाच्या ओट्यावर चिकटवून ठेवा. फिट आली, शुद्ध गेली किंवा रक्ताची उलटी झाली तर आधी १०८ ची गाडी बोलवा.